कडक पोलादाच्या सुरीला धार लावताना: दगड घेण्याआधी पोलाद ओळखा

धाकटा मुलगा नोकरीसाठी ओसाकाला होता. परत येताना त्यानं जवळच्याच साकाईहून माझ्यासाठी सुरी आणली. साकाई हे सुऱ्यांसाठी शतकानुशतकं नावाजलेलं गाव. सुरी इतकी सुरेख चालायची की कोथिंबीर चिरताना पाटावर हिरवा डाग पडत नसे. मग उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या आल्या. कोय अजून कोवळी असेल या समजुतीनं मी सुरी कैरीवर दाबली. ‘टक्’ असा आवाज आला आणि टोकाजवळ धारेला खाच पडली, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी.

पुढची चूक त्याहून मोठी होती. विजेच्या चाकावर धार लावून देणाऱ्या एकाकडे मी ती सुरी दिली. दोन मिनिटं ठिणग्या उडाल्या, खाच गेली. घरी येऊन उजेडात धरली तर टोकाकडचं बोटभर पातं निळसर-पिवळं पडलं होतं. आठवड्याभरात तेवढी जागा टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली.

त्यानंतर वर्षभर मी हा विषय शिकत गेले. इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखान्याच्या टूलरूममध्ये (हत्यारं-साचे बनवायच्या विभागात) काम करणारे माझे दीर भेटले नसते तर चुकीचे दगड घेण्यात आणखी पैसे गेले असते. इंदूरमध्ये आता बऱ्याच घरांत अशा सुऱ्या दिसतात, कुणी परदेशातून आणलेल्या, कुणी ऑनलाइन मागवलेल्या. धार कशी लावायची हे मात्र सुरीबरोबर कुणी सांगत नाही, म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. तुमची सुरी कोणत्या पोलादाची आहे ते आधी बघा

पात्यावर, डब्यावर किंवा विक्रेत्याच्या माहितीत पोलादाचं नाव असतं: व्हीजी-१०, एसजी-२, शिरोगामी (पांढरा कागद), आओगामी (निळा कागद), झेडडीपी-१८९, खिशातल्या चाकूवर एस-३०-व्ही किंवा एस-९०-व्ही. त्याच्या शेजारी बहुधा ‘एचआरसी’ आणि एक आकडा असतो. हा रॉकवेल कडकपणा. हिऱ्याचं टोक ठरावीक वजनानं धातूत दाबतात आणि ते किती खोल रुतलं यावरून आकडा काढतात. या चाचणीच्या यंत्राचं पेटंट १९१९ सालचं आहे.

बर्तन बाजारात मिळणाऱ्या साध्या स्टीलच्या सुऱ्या मऊ असतात. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५४ ते ५८, जपानी ६० ते ६४, आणि झेडडीपी-१८९ सारखी पोलादं त्याच्याही वर जातात. तुमचा आकडा ५८ किंवा त्याखाली असेल तर फार विचार करू नका, कुठलाही बरा दगड चालेल. ६० च्या पुढे असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

नाव कुठेच सापडलं नाही तर एक सोपी खूण आहे. लिंबू कापून सुरी दहा मिनिटं तशीच ठेवली आणि धारेजवळ करडा-निळा डाग उमटला तर ते कार्बन पोलाद. डाग पडला नाही तर स्टेनलेस. एवढ्यावरूनही निम्मं काम होतं.

२. कडक असणं वेगळं, घासायला अवघड असणं वेगळं

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही झाला. आकडा जितका मोठा तितकी धार लावणं अवघड, असं मी धरून चालले होते. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही पाक बघताय. दाणे बघा.”

त्यांनी चिक्कीचं उदाहरण दिलं आणि ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. पोलाद म्हणजे गुळाचा पाक, आणि त्यात विखुरलेले कार्बाइडचे (कार्बन आणि दुसऱ्या धातूचे मिळून बनलेले) कडक कण म्हणजे शेंगदाणे. रॉकवेलचा आकडा पाक आणि दाणे मिळून बनलेल्या वडीचा. आत कसले आणि किती दाणे आहेत हे त्या आकड्यावरून कळत नाही. दगडाचं काम मात्र या दाण्यांवर अडतं.

कडकपणा मोजण्याची विकर्स नावाची दुसरी मोजपट्टी आहे, तिच्यावर तुलना सोपी होते. ६० एचआरसीचं पोलाद म्हणजे सुमारे ७००. क्रोमियमचे कार्बाइड साधारण दीड हजाराच्या आसपास. बहुतेक वॉटर स्टोनमध्ये, म्हणजे पाणी घालून वापरायच्या धारेच्या दगडांमध्ये, असतं ते ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपला कुरुंद, दोन हजारांच्या थोडं वर. व्हॅनेडियमचे कार्बाइड सुमारे २८००. हिरा या सगळ्यांच्या कितीतरी पुढे.

आता हिशेब लावा. पोलादात क्रोमियमचे दाणे असतील तर कुरुंद त्यांना कापतो. व्हॅनेडियमचे दाणे भरपूर असतील तर कुरुंद फक्त पाक घासतो. दाणे तसेच राहतात किंवा उपटून निघतात. तास-तास घासूनही धार ‘येत नाही’ असं वाटतं ते यामुळे. तिथे हिराच लागतो.

पोलादाप्रमाणे हे असं पडतं:

शिरोगामी जवळजवळ शुद्ध लोखंड आणि एक टक्क्याच्या आसपास कार्बन. ६२-६३ पर्यंत कडक असूनही दगडावर लोण्यासारखं चालतं. नवशिक्यांना याच्याइतकं समाधान दुसरं कुठलंच पोलाद देत नाही, फक्त गंज सांभाळावा लागतो. आओगामीत थोडं टंगस्टन आणि क्रोमियम असतं, पण साधा वॉटर स्टोन त्यालाही पुरतो.

व्हीजी-१० मध्ये सुमारे १५ टक्के क्रोमियम. कुरुंदाच्या दगडावर होतं, पण त्याची ‘बर’, म्हणजे घासताना धारेला येणारी बारीक किनार, चिवट असते, लवकर सुटत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

एसजी-२ मध्ये सुमारे २ टक्के व्हॅनेडियम. चांगल्या वॉटर स्टोनवर होतं, वेळ जास्त लागतो.

झेडडीपी-१८९ मध्ये ३ टक्के कार्बन आणि २० टक्के क्रोमियम, म्हणजे दाण्यांनी गच्च भरलेली चिक्की. डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी) घ्या. एस-३०-व्ही मध्ये ४ टक्के आणि एस-९०-व्ही मध्ये ९ टक्के व्हॅनेडियम आहे, त्यांनाही डायमंडच. पांढऱ्या सिरॅमिकच्या सुरीलाही डायमंडच घ्या.

३. या तीन गोष्टी कडक सुरीला लावू नका

*विजेचं कोरडं चाक.* लोहार पोलादाला पाणी देतो, मग ते बेताच्या आचेवर परत तापवतो. बऱ्याच कडक सुऱ्यांच्या बाबतीत ही आच १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपासची असते. चाकाखाली धारेचा केसाएवढा पातळ भाग क्षणात त्याच्या वर जातो. रंग बदलला म्हणजे पाणी उतरलं, कडकपणा गेला, हे नक्की, पण रंग न बदलताही ते उतरू शकतं. तेवढी जागा मग मऊच राहते, पुन्हा कितीही घासली तरी.

सायकलवर चाक बसवून गल्लीत येणारे धारवाले विळीसाठी उत्तम. आईच्या काळापासूनची आमची विळी आजही त्यांच्याकडेच जाते. विळीचं पातं मऊ असतं, ते जाड धारेवर चालतं. सुरीची गोष्ट निराळी.

*ओढायचं शार्पनर.* खाचेत सुरी घालून ओढायचं छोटं यंत्र. त्यातल्या दोन पट्ट्या धार घासत नाहीत, खरवडतात. मऊ सुरी ते सोसते, कडक सुरीच्या धारेचे बारीक टवके उडतात.

*लोखंडी सळई.* मऊ सुरीची वाकलेली धार ती सरळ करते. कडक पोलाद वाकत नाही, तुटतं. सळई हवीच असेल तर बारीक सिरॅमिकची घ्या आणि हात हलका ठेवा.

४. मग घ्यायचं काय?

घरात एक-दोन जपानी सुऱ्या, व्हीजी-१० किंवा कागद पोलादाच्या, असतील तर १००० नंबरचा एक वॉटर स्टोन घ्या (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). एवढाच. दोन्ही बाजूंचा १०००/६००० मिळाला तर उत्तम, पण पहिले सहा महिने ६००० ची बाजू विसरून जा. ज्याला १००० वर टोमॅटो कापणारी धार काढता येत नाही त्याला ६००० वरही येत नाही. बोथट सुरी थेट बारीक दगडावर नेली की पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि सुरी तशीच बोथट राहते. हा सापळा फार जणांना अडकवतो, कारण चकाकी दिसली की काम झाल्यासारखं वाटतं.

व्हॅनेडियमवालं पोलाद किंवा झेडडीपी असेल, किंवा दगड भिजवणं-सपाट करणं नको असेल, तर डायमंड प्लेट. ४०० आणि १००० अशा दोन पुरतात. या प्लेटवर हिऱ्याचे कण निकेलच्या थरानं बसवलेले असतात. जोर दिला की कण उपटले जातात आणि प्लेट वर्षभरात संपते. हलक्या हातानं वापरली तर अनेक वर्षं जाते. नवी प्लेट सुरुवातीला जास्त खरबरीत लागते, म्हणून पहिल्या चार-पाच वेळा जुन्या सुरीवरच चालवा.

हातात कोन स्थिर राहत नाही अशी खात्रीच असेल तर सुरी शिकंज्यात धरून दगड दांडीवर फिरवणारं कोन बांधलेलं यंत्र येतं. खिशातल्या चाकूंना ते छान. लांब सुरीला दोनदा शिकंजा बदलावा लागतो आणि जोडाच्या जागी धार वेगळी दिसते. माझं मत विचाराल तर हात शिकावा. दोन रविवार लागतात.

सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा कार्बोरंडमचा तेलाचा दगड बऱ्याच घरी असतो. त्यातलं सिलिकॉन कार्बाइड कुरुंदापेक्षा कडकच आहे, पण ‘बारीक’ म्हणतात ती बाजूसुद्धा भरडच असते. विळी, कोयता, साध्या सुऱ्या यांना वापरा. त्यावर शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल मात्र कधी घालू नका. ते सुकून चिकट होतं आणि दगडाची तोंडं बुजतात. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं.

आणखी एक सापळा नंबरांचा आहे. जपानी दगडाचा १००० म्हणजे साधारण ११ ते १४ मायक्रॉनचा कण. वॉटर पेपरवरचा पी-१००० म्हणजे सुमारे १८ मायक्रॉन. नंबर एकच असला तरी पदार्थ एक नाही. स्वस्तातल्या दगडांवर छापलेल्या ८०००-१०००० वर तर विसंबूच नका.

५. बसण्याआधी जवळ काय काय हवं

- दगड किंवा प्लेट
- दगडाखाली घालायला ओला, जाडसर नॅपकिन
- पाण्याचं भांडं, डायमंडसाठी त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब
- काळा परमनंट मार्कर
- कोन मोजायला कागदाचा एक चौकोन
- देवघरातली कापसाची एक वात
- जुना चामडी पट्टा किंवा जीन्सचा तुकडा, लाकडी फळीला चिकटवलेला
- वर्तमानपत्र
- दगड सपाट करायला जाड काचेचा तुकडा आणि २२० नंबरचा वॉटर पेपर, रंगाच्या दुकानात मिळतो
- दहा-पंधरा मिनिटं ज्यात कुणी हाक मारणार नाही

आणि पहिल्यांदा हात बसवायला एक जुनी, टाकाऊ सुरी. नव्या सुरीवर शिकू नका.

६. प्रत्यक्ष धार

भिजवायचा दगड असेल तर पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबले की तयार, दहा-पंधरा मिनिटं लागतात. काही दगड फक्त वरून पाणी शिंपडून वापरायचे असतात. असे काही जास्त भिजवले तर मऊ पडतात, तडकतात. डब्यावर काय लिहिलंय ते बघून मगच पाण्यात घाला.

कोनासाठी कागदाचा काटकोनी कोपरा घ्या. त्याच्या सारख्या तीन घड्या घातल्या की ३० अंश, त्याची परत अर्धी घडी म्हणजे १५. जपानी सुरीला प्रत्येक बाजूला साधारण हाच कोन. घडी दगडावर ठेवा, सुरी तिला टेकवा आणि पाठ किती वर उचलली गेली ते बघून घ्या. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ सुमारे १२ मिलिमीटर वर येते. आकडा पाठ करायची गरज नाही, मनगटाला ती उंची कळली पाहिजे.

आता मार्करनं धारेची कड दोन्ही बाजूंनी काळी करा आणि दगडावर हलके दोन हात मारा. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत गेली असेल तर कोन बरोबर. फक्त वरच्या बाजूची गेली तर पाठ खाली पडते आहे, फक्त धारेच्या कडेची गेली तर जास्त उचलली गेली आहे. या एका मार्करनं माझे जितके तास वाचले तितके कुठल्याच सल्ल्यानं वाचले नाहीत.

डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर, जिथे घासायचं तिथेच, धारेपासून थोडी मागे. सुरी पुढे-मागे चालवा आणि बोटं सरकवत टाचेपासून (मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंत जा. टोकाशी वळण येतं तिथे कोपर किंचित उचला, नाहीतर टोक बोथटच राहतं. जोर किती द्यायचा ते कळायला स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि त्यावर बोटं दाबून बघा. सुरुवातीला एक किलोच्या आसपास, शेवटी दोन-तीनशे ग्रॅम. डायमंडवर सुरुवातच या शेवटच्या वजनानं करा.

वॉटर स्टोनवर काळसर चिखल जमेल. तो धुऊन टाकू नका, तोच काम करतो. कोरडा पडला तर चार थेंब पाणी द्या.

एक बाजू कधी थांबवायची? पलीकडच्या बाजूला बर आली की. बर म्हणजे घासलेल्या लोखंडाची उलटलेली अतिशय बारीक किनार. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा नेऊन ती हाताला लागते, धारेच्या लांबीवरून अंगठा कधीच फिरवायचा नाही. माझी पद्धत वातीची. कापसाची वात धारेवरून बाहेरच्या दिशेनं अलगद ओढायची. जिथे तंतू अडकतात तिथे बर आहे. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे अडकले की बाजू बदलायची. मध्येच कुठे सुटत असतील तर तेवढ्या जागेवर परत काम करायचं. बर आल्याशिवाय बाजू बदलली तर दोन्ही उतार एकमेकांना भेटतच नाहीत. धार न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

दुसऱ्या बाजूलाही तशीच बर आली की ती काढायची. एक हात या बाजूनं, एक त्या बाजूनं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलका, शेवटचे पाच-सहा निव्वळ सुरीच्या वजनानं. व्हीजी-१० ची बर इथे छळते. ती तुटत नाही, या बाजूची त्या बाजूला नुसती वळत राहते. सुरी त्या दिवशी वस्तऱ्यासारखी लागते आणि दुसऱ्या दिवशी वरण-भाताच्या कांद्यालाच थकते, कारण तुम्ही कापत होता ती बरच होती. शेवटच्या दोन-तीन हातांना कोन केसभर वाढवा, मग चामड्यावर पाठ पुढे धरून दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढा. चामड्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट चालते. व्हॅनेडियमच्या पोलादाला डायमंड पेस्ट लावा.

एकाच बाजूनं उतार असलेल्या पारंपरिक जपानी सुऱ्यांना हे लागू नाही. त्यांची मागची बाजू दगडावर सपाट ठेवूनच बर काढायची असते. तिथे कोन दिलात तर सुरीचा घाटच बिघडतो.

७. धार आली का?

दिव्याखाली धार वर करून धरा. बोथट जागा चमकते. खरी धार दिसतच नाही. मग वर्तमानपत्राची एक कड टाचेपासून टोकापर्यंत कापा. जिथे फाटतं तिथे काम बाकी आहे. शेवटी पिकलेला टोमॅटो: सुरी सालीवर ठेवून न दाबता ओढली आणि ती आत शिरली, तर झालं.

८. दगडाची निगा

वॉटर स्टोन मधून खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारा, काचेवर वॉटर पेपर ओला करून पसरा आणि रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड घासा. दर तीन-चार वेळच्या धारेनंतर हे करा. दगड सावलीत वाळू द्या. आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीत ठेवलात तर तडा जाईल.

९. लावलेली धार टिकवताना

कैरीची कोय, नारळ, हाडं, फ्रीजरमधलं गोठलेलं काही, यातलं काहीही कडक सुरीनं कापू नका. लोणच्याच्या कैऱ्या मी आता बाजारातूनच सरोत्यावर फोडून आणते. हिवाळ्यात गराडू (जमिनीतला कंद) घरी आणलात तर आधी माती पूर्ण धुवा, कारण मातीतली वाळू धार खाते, आणि फोडी विळीवर करा. ओट्यावर, ताटात, काचेवर सुरी चालवू नका, लाकडी पाट घ्या. चिरलेली भाजी पाटावरून ढकलताना सुरी उलटी करून पाठीनं ढकला. कार्बन पोलाद वापरलं की लगेच धुऊन पुसा.

रोज एक वेळचा स्वयंपाक असेल तर आठवड्यातून एकदा चामडं आणि दोन-तीन महिन्यांनी १००० चा दगड, एवढं पुरतं.

१०. धारेला खाच पडली किंवा पाणी उतरलं असेल तर

लहान खाच ४०० च्या प्लेटवर जाते. फक्त खाचेची जागा घासू नका, नाहीतर धारेला तिथे पोट पडतं. सबंध धार टाचेपासून टोकापर्यंत सारखी मागे न्यायची, खाचेचा तळ येईपर्यंत.

पाणी उतरलेला भाग दुरुस्त होत नाही, तो घासून काढावाच लागतो. माझ्या सुरीवर भाऊजींनी आणि मी मिळून तीन संध्याकाळी ४०० च्या प्लेटवर काम केलं, पाण्याखाली, यंत्राशिवाय. दर थोड्या वेळानं टोकाकडची जागा वर्तमानपत्रावर चालवून बघत होतो. तिसऱ्या दिवशी ती कागदावर अडकायची थांबली, मग १००० वर नवी धार काढली. सुरी टोकाकडे दोनेक मिलिमीटर अरुंद झाली आहे आणि निळसर छटा पात्याच्या वरच्या भागात अजून दिसते. कोथिंबीर मात्र पुन्हा पहिल्यासारखी चिरते.